परतीची शिदोरी

कऱ्हेकाठच्या बारामतीत औद्योगिक वसाहतीलगत एक धावपट्टी आहे आणि तेथे गेली अनेक वर्षे तरुण वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे. एका इंजिनाची लहान विमाने धावपट्टी सोडतात, उसाच्या शेतांवरून वळण घेतात, आणि थोडी उंची गाठली की इंदापूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्याचे पाणी चकाकताना दिसते. शेतात राबणाऱ्या माणसाला या आवाजाचे आता अप्रूप राहिलेले नाही. वर बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र प्रारंभीच एक धडा पक्का करावा लागतो, आणि तो असतो इंधनाच्या हिशेबाचा. जाण्यास किती इंधन लागेल हे सांगणे सोपे. परत येण्यास किती, वारा उलटा लागला तर किती, ठरल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसरीकडे जाण्यास किती, आणि एवढे होऊनही टाकीत राखीव किती उरेल, याचे उत्तर जमीन सोडण्यापूर्वी द्यावे लागते. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती आणि इंदापूर ओलांडून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्यालाही हा विचार नवा नाही. वाट जितकी लांब, तितकी शिदोरी अगोदर बांधावी लागते.

इतकी साधी गोष्ट जगातील बलाढ्य हवाई दलांना मात्र हजारो तरुणांचे प्राण वेचल्यानंतर उमगली, असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. तथापि दुसऱ्या महायुद्धातील जड बाँबफेकी विमाने आणि त्यांच्या संरक्षणासाठी सोबत जाणारी लढाऊ विमाने यांचा इतिहास नेमके हेच सांगतो. तो इतिहास परका आहे म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. संरक्षणसिद्धतेची चर्चा आपल्याकडे आजही ज्या पद्धतीने चालते, ती पाहता त्याचे स्मरण अगत्याचे ठरते.

समजुतीची किंमत

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान एका समजुतीने युरोपातील मुत्सद्द्यांच्या आणि सेनानींच्या मनाची पकड घेतली होती. बाँबफेकी विमानांना अडविणे अशक्य आहे, काही केले तरी ती लक्ष्यापर्यंत पोचणारच, असे स्टॅन्ले बाल्डविन यांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात सांगितले. या समजुतीचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला की, बाँबफेकी विमानांना सोबतीची गरज काय, हा प्रश्नच कोणी गंभीरपणे विचारला नाही. त्याचे उत्तर १८ डिसेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील हेलिगोलँडच्या उपसागरावर मिळाले. तेथे भर दिवसा पोचलेल्या २२ ब्रिटिश वेलिंग्टन विमानांपैकी १२ नष्ट झाली. त्यानंतर ब्रिटनने बाँबफेकीसाठी रात्रीचा आडोसा पत्करला. अंधार हाच काय तो रक्षक उरला आणि तो पुरेसा ठरला नाही. युद्ध संपेतो ब्रिटिश बाँबफेकी दलाचे ५५ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

मग लांब पल्ल्याचे लढाऊ विमान का तयार केले नाही? उत्तर मोठे उद्बोधक आहे. ते करता येणारच नाही, असे जाणत्यांचे मत होते. लांब जायचे तर इंधन अधिक न्यावे लागणार, इंधन वाढले की वजन वाढणार, आणि वजन वाढलेले विमान शत्रूच्या हलक्या, चपळ विमानापुढे टिकाव धरू शकणार नाही. ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांना याच आशयाचा सल्ला दिला होता. युक्तिवाद बिनतोड होता. त्यात उणीव एवढीच होती की, वाटेत वापरून टाकून देता येईल असे इंधन त्याने हिशेबात धरले नव्हते.

अमेरिकेची चूक वेगळ्या जातीची होती. चार इंजिनांच्या बी-१७ विमानावर दहा-बारा तोफा बसविल्या, अशी अनेक विमाने एकमेकांना सांभाळीत दाट रचनेत पाठविली, की त्यांना दुसऱ्या कोणाच्या संरक्षणाची गरज उरणार नाही, असे अमेरिकी हवाई दलाचे गृहीतक होते. आकाशात चालणारा हा किल्ला आपले रक्षण आपणच करील, अशी ही कल्पना. विमानाचे नावही त्याला साजेसेच, उडता किल्ला, असे ठेवले होते.

लोहगावपासूनचे अंतर

या किल्ल्यांचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी परिचित भूगोलाचा आधार घेणे सोयीचे होईल. पुण्याच्या लोहगाव तळावरून सरळ रेषेत बारामती सुमारे ८५ किलोमीटर, इंदापूर सुमारे १२५ किलोमीटर, सोलापूर २३० किलोमीटरांच्या आसपास आणि हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडील तळांच्या जागी क्षणभर लोहगाव कल्पावे. १९४३ च्या पूर्वार्धात ब्रिटिश स्पिटफायर विमान सोबत करून परत यावयाचे तर सुमारे २८० किलोमीटरांपर्यंत जाऊ शके. म्हणजे बारामती आणि इंदापूर मागे टाकून, सोलापूर ओलांडून, नळदुर्गाच्या थोडे पुढे गेले की त्याला माघारी वळणे भाग होते. अमेरिकी थंडरबोल्टची मजल जादा टाकीवाचून सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे हुमनाबादच्या आसपास. आणि बाँबफेकी विमानांना गाठावयाचे होते ते श्वाइनफुर्ट मात्र हैदराबाद ओलांडून आणखी दीड-दोनशे किलोमीटरांवर!

श्वाइनफुर्ट येथे बॉल-बेअरिंगचे कारखाने होते. विमान, रणगाडा किंवा मोटार यांपैकी काहीच या लहानशा पोलादी गोळ्यांवाचून चालत नाही. ते कारखाने उद्ध्वस्त केले की जर्मनीचे युद्धयंत्र थंडावेल, असा हिशेब मांडण्यात आला. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग या दोन लक्ष्यांवर ३७६ विमाने निघाली, त्यांपैकी ६० परतली नाहीत. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्टवर २९१ विमाने निघाली, पुन्हा ६० गमावली. प्रत्येक विमानात दहा माणसे होती, म्हणजे एका दुपारी सुमारे सहाशे माणसे हरपली. जर्मन वैमानिकांनी फार मोठी क्लृप्ती योजली होती असे नव्हे. थंडरबोल्ट विमाने आखेनच्या आसपास वळेपर्यंत त्यांचा मुख्य जमाव दूर राहिला. सोबती दिसेनासे होताच तो तुटून पडला. तोफांच्या टप्प्याबाहेर राहून अग्निबाणांचा मारा करायचा, दाट रचना विस्कटायची आणि एकटे पडलेले विमान टिपायचे, असा हा प्रकार होता. जर्मनांना किल्ल्याची भिंत फोडावी लागली नाही. सोबत्यांची शिदोरी कोठे संपते एवढे ठाऊक असणे त्यांना पुरेसे होते.

यानंतर काही महिने सोबतीवाचून जर्मनीच्या अंतर्भागात दिवसा जाणे अमेरिकेला थांबवावे लागले. लक्ष्याचा नकाशा, बाँबचे वजन, कारखान्यांचे छायाचित्र, सारे काही चोख होते. परतीचा हिशेब तेवढा चुकला होता.

कागदाची टाकी

या पेचातून जो मार्ग निघाला तो दिसावयास क्षुल्लक होता. लढाऊ विमानाच्या पंखाखाली इंधनाची जादा टाकी टांगायची, जाताना प्रथम तिच्यातील इंधन वापरायचे आणि शत्रू दिसताच ती सोडून द्यायची. विमान क्षणात हलके होई आणि परतीसाठी आतल्या टाक्यांतले इंधन शाबूत राही. यांतील एक टाकी तर ब्रिटनमध्ये चक्क कागदाचे थर सरसाने चिकटवून बनविली जाई. तिच्यात सुमारे चारशे लिटर इंधन मावे. ती फार काळ भरून ठेवली तर सरस विरघळू लागे, म्हणून उड्डाणाच्या थोडे आधीच भरावी लागे. पण ती एकदाच वापरायची असल्याने तेवढे टिकणे पुरेसे होते. पोर्टल यांच्या बिनतोड युक्तिवादाला कागदाच्या टाकीने असा छेद दिला.

याच सुमारास मस्टँग हे विमान पुढे आले. ब्रिटनच्या मागणीवरून अमेरिकेत बनलेले हे विमान आरंभीच्या इंजिनामुळे फार उंचावर निष्प्रभ ठरे. १९४२ मध्ये त्यात मर्लिन हे ब्रिटिश इंजिन बसवून पाहण्यात आले आणि त्याचे रूप पालटले. डिसेंबर १९४३ पासून ही विमाने सोबतीला जाऊ लागली. दोन मोठ्या जादा टाक्या लावल्या की त्यांची मजल ८५० मैलांपर्यंत, म्हणजे साडेतेराशे किलोमीटरांहून अधिक होई. ४ मार्च १९४४ रोजी अमेरिकी बाँबफेकी विमाने प्रथमच बर्लिनवर पोचली तेव्हा त्यांच्या सोबतीची लढाऊ विमानेही तेथवर गेली होती. दोन दिवसांनी, ६ मार्चला, बर्लिनवर ६९ बाँबफेकी विमाने पडली. सोबत असली म्हणजे हानी टळतेच असे नाही, हे यावरून ध्यानी यावे. परंतु आता जर्मनीलाही प्रत्येक चकमकीत आपले अनुभवी वैमानिक गमवावे लागत होते आणि ती हानी भरून निघत नव्हती. जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे आकाश जवळजवळ निर्वेध होते.

या कर्तबगारीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या सोबतीने हजारो वैमानिक घरी परतले, तिनेच शहरांवरील बाँबवर्षावाचा मार्गही मोकळा केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये होरपळलेल्या सामान्य नागरिकांना कोणी रक्षक नव्हता. युद्धातील कौशल्याचे मोल जाणणे वेगळे आणि त्याचा गौरव करीत सुटणे वेगळे.

किती जवळ, किती दूर?

सोबत मिळाली तरी ती कशी करावी, हा प्रश्न उरतोच. १९४० मध्ये इंग्लंडवरील हल्ल्यांत जर्मनीचीही बाँबफेकी विमाने पडू लागली, तेव्हा गोअरिंगने आपल्या लढाऊ विमानांना त्यांच्या अगदी लगत राहण्याचा हुकूम सोडला. चपळाई हेच ज्याचे बळ, त्याला मंदगती विमानांच्या दावणीला बांधण्यात आले. त्यात जर्मन लढाऊ विमानाला लंडनवर लढण्यास जेमतेम दहाएक मिनिटे पुरेल एवढेच इंधन उरे. उलटपक्षी जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची सूत्रे हाती घेताच जनरल डूलिटल यांनी आपल्या लढाऊ विमानांचा दोर सैल केला. बाँबफेकी विमानांभोवती घुटमळत न राहता पुढे जाऊन शत्रूला गाठा, अशी त्यांची आज्ञा होती. बाँबफेकी दलातील अनेकांना ती रुचली नाही. नजरेसमोरचा रक्षक दूर गेला की धास्ती वाटणारच. परंतु अनुभवाने डूलिटल यांचा निर्णय योग्य ठरविला.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख पानिपतापासून आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा आणि मराठ्यांचे चपळ घोडदळ यांना गोलाच्या रचनेत एकमेकांना सांभाळून पुढे सरकावयाचे होते. विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके रोहिल्यांवर तुटून पडली, गारद्यांच्या तोफांसमोर आपलीच माणसे आली आणि तोफांना थांबावे लागले. गोअरिंगच्या हुकुमात रक्षकाला बांधून टाकण्याची चूक होती, पानिपतावर रक्षक रचनेपासून सुटण्याची. ज्या इंदापूरच्या परिसरात मालोजीराजे भोसले रणांगणी पडले, त्या मुलखाला हलक्या घोड्याची महती वेगळी सांगावयास नको. मात्र हलके बळ आणि जड बळ यांची सांगड घालणे ही निराळीच विद्या आहे. ती ऐन रणात शिकता येत नाही.

आपला अनुभव

भारताच्या भूमीवरही या विद्येचे पडसाद उमटले. ५ डिसेंबर १९४३ रोजी जपानी बाँबफेकी विमाने लढाऊ विमानांच्या सोबतीने भर दिवसा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर आली. त्याच सुमारास बंगालमधील तळांवरून रंगूनवर जाणाऱ्या अमेरिकी लिबरेटर विमानांना मस्टँगांची साथ मिळू लागली होती. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने पुन्हा उडण्याजोगी केली आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला चार इंजिनांची जड विमाने मिळाली. त्यांतील काही पुण्याच्या तळावरून समुद्रावर टेहळणी करीत. १९६८ पर्यंत ती सेवेत होती आणि त्यांतील एक विमान १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट देण्यात आले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या मोहिमेत पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. पोर्तुगीजांजवळ तेथे एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे सोबतीची कसोटी लागली नाही. ती लागली १९६५ मध्ये. ७ सप्टेंबरला सरगोध्याच्या तळावर आपली मिस्टेर आणि हंटर विमाने संरक्षक सोबतीवाचून गेली. त्या दिवशी स्क्वाड्रन लीडर देवय्या शत्रूच्या अधिक वेगवान स्टारफायटरशी झुंजले आणि परतले नाहीत. त्यांच्या पराक्रमाची ओळख पटून मरणोत्तर महावीरचक्र जाहीर होण्यास १९८८ साल उजाडावे लागले. याउलट १९ सप्टेंबरला चविंड्याच्या आघाडीवर मिस्टेर विमानांबरोबर चार नॅट विमाने होती. सेबर विमाने आडवी येताच नॅटनी त्यांना अंगावर घेतले. डेन्झिल कीलर आणि विनय कपिला यांनी प्रत्येकी एक सेबर पाडल्याची नोंद झाली. आपलेही एक नॅट पडले आणि त्याचे वैमानिक विजय मायादेव युद्धकैदी झाले. सोबत करणाऱ्याने मार आपल्या अंगावर घ्यावयाचा असतो, हा या कामाचा धर्मच आहे. १९७१ मध्ये ढाक्यावरील हल्ल्यांत आणि राजस्थानच्या आघाडीवर मिग-२१ विमाने हेच काम करताना दिसली, यावरून मधल्या सहा वर्षांत धडा गिरविला गेला होता हे उघड आहे.

आजचा हिशेब

आज जड बाँबफेकी विमानांचे थवे आकाशात दिसत नाहीत. एकच सुखोई-३० बाँबही नेते आणि लढतेही. या विमानांची भारतातील पहिली तुकडी लोहगावलाच दाखल झाली. परंतु मूळ प्रश्न बदललेला नाही. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर मिराज विमाने गेली, तेव्हा त्यांच्या मागे हवेत इंधन भरणारे विमान होते, आकाशातून पहारा ठेवणारे नेत्र विमान होते आणि संरक्षक विमानेही होती. बाँब टाकणाऱ्यांची नावे गाजतात. इंधन देणारा, पहारा करणारा आणि सोबत करणारा यांची नावे कोणी विचारीत नाही. पण त्यांच्यावाचून पहिला जाऊ शकत नाही, आणि गेला तर परत येण्याची शाश्वती नसते.

कागदाच्या टाकीची जागा आज हवेत इंधन भरणाऱ्या विमानाने घेतली आहे. भारताने २००३ पासून घेतलेल्या अशा इल्युशिन-७८ विमानांची संख्या अवघी सहा आहे आणि त्यांचे वय वाढत चालले आहे. लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमाने निवृत्त झाली तेव्हा ही संख्या २९ वर आली. नव्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली की वृत्तपत्रांचे रकाने भरतात. त्याचा पल्ला किती, स्फोटकाचे वजन किती, याची चर्चा गावोगावच्या पारावर रंगते. इंधन देणारी विमाने किती आहेत, हा प्रश्न मात्र पारावर निघत नाही आणि संसदेतही क्वचितच निघतो. नवी विमाने महाग आहेत, इतरही निकड आहे, हे खरे. पण १९४३ मध्येही इतर निकड होतीच. आघाताचे साधन आधी आणि रक्षणाचे मागाहून, असा क्रम लावला की मधल्या काळाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे श्वाइनफुर्टने दाखवून दिले आहे. ती किंमत योजना आखणाऱ्यांनी मोजली नाही. विमानात बसलेल्या विशी-बाविशीतील मुलांनी ती मोजली.

म्हणूनच संरक्षणखर्चाचा विचार करताना नागरिकाने आणि त्याच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न आघाताचा विचारू नये. आपण किती दूर मारू शकतो यापेक्षा, ज्यांना पाठवितो त्यांना परत आणण्याची तजवीज काय केली आहे, हे विचारावे. या प्रश्नाला उत्तर नसेल तर मारा करण्याचे सामर्थ्य कागदावरच राहते, किंवा फाजील धाडसात खर्ची पडते. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकाला परतीचे इंधन दाखविल्यावाचून जमीन सोडू देत नाहीत. राष्ट्राच्या तिजोरीपुढे बसणाऱ्यांना निराळा नियम असण्याचे कारण नाही.